‘एन्ग्रेव्ह’ म्हणजे काय?

इंग्रजीच्या धड्यात ‘एन्ग्रेव्ह’ शब्द आला, की आपण ‘कोरणे’ एवढा अर्थ सांगून पुढे जातो. पण एखाद्या मुलाने विचारलेच, “गुरुजी, यात ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगे कुठून आले?” तर त्याला गप्प बसवू नका, प्रश्न शहाणपणाचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘ग्राफन’ म्हणजे खोदणे. जमीन खोदून पुरण्याचा खड्डा केला, तो ‘ग्रेव्ह’. धातूवर, दगडावर अक्षरे खोदली, ते ‘एन्ग्रेव्ह’. आपणही विहीर खोदतो आणि शिळेवर लेखही खोदतोच की! गंभीर या अर्थाचा ‘ग्रेव्ह’ मात्र लॅटिन ‘ग्राविस’पासून आलेला, त्याचे घराणेच निराळे. आणि हो, तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव घालतात ते ‘एन्ग्रेव्ह’. देवळाच्या लाकडी खांबावरची वेलबुट्टी मात्र ‘कार्व्ह’ केलेली म्हणावी.