मागे घेता येणारा निष्कर्ष



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. त्या खानदेशात तर्कावर बोलायला मिळतंय, याचा आनंद आहे.

अध्यक्षानं आढावा घ्यायचा प्रघात आहे, तो उरकतो. नवी माहिती आली की जुना निष्कर्ष मागे घेणारा तर्क, म्हणजे नॉन-मोनोटॉनिक लॉजिक, 1980 साली मॅकार्थी, रायटर, मॅकडरमॉट आणि डॉयल यांच्या लेखांनी नावारूपाला आला. 1991 मध्ये बाल्केनियस आणि गार्डनफोर्स यांनी दाखवलं की न्यूरल नेटवर्कचं वागणंही याच तर्काच्या भाषेत मांडता येतं. 1994 मध्ये होल्डोब्लर आणि कालिंके यांनी तर्काचे नियमच नेटवर्कमध्ये बसवले. तर्क आणि नेटवर्क यांची सोयरीक इतकी जुनी. तरी आपल्याकडे अभ्यासक्रम बदलला की पहिली कात्री तर्कशास्त्राला. "नेटवर्क शिकेल की आपोआप!" सकाळच्या सत्रात हे पुन्हा ऐकलं. आढावा इथेच थांबवतो. या वाक्याला उत्तर द्यायची वाट मी फार वर्षं पाहिली आहे.

शिंदखेडा तालुक्यातलं कपाशीचं शेत. शेंडे आखडलेले, पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर फोटो काढला. रोग ओळखणाऱ्या ॲपनं ठामपणे सांगितलं, विषाणूजन्य रोग. बांधावरचे आप्पा म्हणाले, "रोग नही शे हाऊ. शेजारनी मकामा टू-फोर-डी मारं, वारा आमनाकडे व्हता." निष्कर्ष तिथेच बदलला. मी विचारलं, वारा उलटा असता तर? आप्पा म्हणाले, मंग रोगच. एका वाक्यानं गेलेला निष्कर्ष दुसऱ्या वाक्यानं परत आला, आणि दोन्ही वेळा कारण हातात होतं. फोटोत ते टू-फोर-डी तणनाशक नव्हतं, वाराही नव्हता.

तुम्ही म्हणाल, आताच्या चॅटबॉटला वाऱ्याचं सांगता येतं. सांगून पाहिलं. त्यानं मत बदललं. मग सांगितलं, आमच्या मेहुण्यांना हे पटत नाही. तेव्हाही बदललं! असल्या माघारीला मी तर्क म्हणणार नाही.

नियमवाल्यांचं सगळं बरोबर होतं असंही नाही. अपवादांची यादी कधी संपत नाही. मॅकार्थींनाही ही अडचण ठाऊक होती. हजारो पानं पाहून शिकणं नेटवर्कलाच जमतं, ते त्यानं करावं. कोणत्या कारणानं कोणता निष्कर्ष पडतो याचा हिशेब मात्र तर्कानं ठेवावा.

रावेर-यावलच्या मंडळींना हे सांगायला नको. केळीचं पान हरण्या रोगानं पिवळं पडतं, थंडीच्या चरक्यानंही पडतं. महिना पावसाळ्यातला की जानेवारीतला, हे नुसत्या फोटोवरून कसं कळणार? चरका लागलेली बाग थंडी सरल्यावर सावरू शकते. हरण्याचं झाड उपटून नष्ट करावं लागतं. निष्कर्ष मागे घेता येतो, उपटलेलं झाड परत लावता येत नाही.

कापूस आणि केळीच्या अशा अपवादांची नोंद कुणीतरी करायला हवी. कशी, कुणी, ते चहाच्या वेळी बोलू. अभ्यास मंडळावर बसणाऱ्यांना मात्र आत्ताच सांगतो: येत्या बैठकीत तर्कशास्त्राचा पेपर परत आणा, आणि तो ऐच्छिक ठेवू नका.