दमादमाने
(झाशी येथे मराठीभाषक श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नाही. वैद्यकविषयक लेखन मराठीत आणण्याचे काम करताना जे समजले, त्यातील एकच गोष्ट आज आपल्यापुढे मांडणार आहे. फुप्फुसांचा जुनाट विकार जडलेल्या माणसाने झेपेल तेवढा व्यायाम करावा, हे आता वैद्यकशास्त्राला मान्य आहे. तो त्याने दिवसामागून दिवस चालू कसा ठेवावा, हा खरा प्रश्न आहे.

झाशीला हा प्रश्न परका नाही. या भागात दगड फोडणारे क्रशर आहेत. त्यांची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली की सिलिकोसिस जडतो. बुंदेलखंडातील कित्येक स्त्रियांचे आयुष्य लाकूड आणि गोवऱ्या पेटवलेल्या चुलीपुढे गेले. ‘उज्ज्वला’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा प्रारंभ १० ऑगस्ट २०२१ रोजी बुंदेलखंडातीलच महोबा येथे झाला. परंतु घरात गॅस आला म्हणून अनेक वर्षांच्या धुराने अरुंद झालेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत. विडीचा धूर त्यात भर घालतो.

अशा रोग्याला पूर्वी विश्रांतीचाच सल्ला मिळत असे. न्यूयॉर्कचे डॉ. अल्व्हन बराख यांनी १९५२ साली याच्या उलट मत मांडले, आणि पुढे अनुभवाने ते खरे ठरले. त्याचे कारण साधे आहे. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो, म्हणून दम आणखी लवकर लागतो. अंगणापर्यंत जाणारा माणूस उंबरठ्यापर्यंत येतो आणि अखेरीस खाटेला खिळतो. हे चक्र फुप्फुसांपाशी तोडता येत नाही. पायांपाशी तोडता येते. २०१५ साली ६५ चाचण्यांतील ३,८२२ रोग्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामावर आधारलेल्या उपचारक्रमाने धाप आणि थकवा कमी होतो आणि रोजचे जगणे सुसह्य होते, असे त्यातून दिसून आले.

मग रोगी व्यायाम का सोडतो? निरोगी माणसाला चालून आल्यावर बरे वाटते. या रोग्याला मात्र ज्या धापेचे भय वाटते, तीच धाप चालताना लागते. त्रास ताबडतोब होतो आणि फळ काही आठवड्यांनी मिळते. घरची माणसे याला आळस म्हणतात, हा अन्याय आहे. ‘उत्साह ठेवा’ हा उपदेशही व्यर्थ आहे, कारण उत्साह हुकमी येत नाही. अशा ठिकाणी अनुवादक सहसा ‘प्रेरणा’ हा शब्द योजतात. मला आपल्या घरातला ‘नेम’ हा शब्द अधिक उपयोगी वाटतो. नेम पाळणारा माणूस आज मन लागते की नाही, हे पाहत बसत नाही.

नेम टिकण्यासाठी पहिली गरज म्हणजे धापेची भीती जाणे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्याच्या पट्ट्या तयार केल्या. त्यांपैकी शून्य ते दहाच्या पट्टीवर तीन-चारपर्यंतची धाप बहुधा कामाची धाप समजली जाते. तिच्यात लहान वाक्य बोलता येते आणि थांबल्यावर ती काही मिनिटांत निवळते. छातीत दुखणे, घेरी येणे, ओठ निळे पडणे ही मात्र तत्काळ थांबून वैद्याला गाठण्याची लक्षणे होत. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावून हलकेच सोडावा. ज्योत हलावी पण विझू नये, इतकीच फुंकर असावी. त्यामुळे श्वासनलिका मिटत नाहीत आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. व्यायामाने फुप्फुसांच्या तपासणीतले आकडे सहसा सुधारत नाहीत. त्यांच्याकडे पाहणारा निराश होतो. सहा मिनिटांत किती चाललो, हे पाहावे. त्यात सुमारे ३० मीटरांची वाढही वैद्य मोलाची मानतात. घरापासून विजेचे किती खांब गाठले, याची भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंद ठेवली तरी पुरे.

तिसरी गोष्ट स्थळकाळाची. किल्ल्याची टेकडी पहिल्याच दिवशी चढू नये. सपाट रस्ता बरा. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा चालणे पहाटेच उरकावे. हिवाळ्यात धुके ओसरण्याची वाट पाहावी. बाहेर धूळ किंवा धूर असेल, तर घरातच खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. सोबतीला कोणी असावे. कोणी दारात येऊन उभे राहिले की टाळाटाळ अवघड होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या विकारात मधूनमधून दुखणे उसळतेच, आणि मग नेम तुटतो. येथेच पुष्कळांचा व्यायाम कायमचा सुटतो. म्हणून खंड पडणार हे आधीच गृहीत धरावे आणि वैद्याने परवानगी दिली की पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून पुन्हा आरंभ करावा. व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही. तो सोडला तर वर्षभरात बराचसा ओसरतो. तेव्हा कधीही न चुकणाऱ्यापेक्षा चुकल्यावर परतणारा माणूसच अधिक टिकतो.

दोन इशारे देणे अवश्य आहे. धुळीचे काम आणि विडी सुटल्याशिवाय व्यायामाचे फळ अपुरेच राहील. आणि आरंभापूर्वी तपासणी करून घ्यावी. महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून याच शहरात आहे.

मराठीत ‘दम’ म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धीरही. दम लागला की आपण दम खातो, दम धरतो आणि दमादमाने पुढे जातो. या रोग्याला याहून निराळे काही करायचे नाही. त्याचा श्वास आपण त्याला परत देऊ शकत नाही. पण उद्या सकाळी त्याच्या दाराशी जाऊन, त्याच्या चालीने चार खांबांपर्यंत सोबत निश्चित करू शकतो.