पावसात पाहिलेलं सोलापूर

ही गेल्या पावसाळ्यातली हकिकत.

आमच्या थोरल्या भावाचं पोटाचं ऑपरेशन सोलापूरला झालं. वहिनी आणि आम्ही दोघे धाकटे भाऊ त्यांना भेटायला निघालो. तुळजापूरहून एस.टी. धरली. तिथून सोलापूर सुमारे 45 किलोमीटर. दहाला पोहोचलो, तर धो धो पाऊस. दवाखान्यात कळलं, भेटायची वेळ दुपारी चारला. आता सहा तास काढायचे कुठं? शहर परकं. छत्री एक आणि माणसं तीन!

वहिनी म्हणाल्या, "भावजी, इथं बसून राहिलं की नाही नाही ते मनात येतं. चला, शहर बघू."

वहिनी नुकत्याच प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या आहेत. पाट्या वाचायचं काम त्यांनीच घेतलं. दर पाटीपाशी थांबायच्या. आम्ही भिजायचो.

एका चहावाल्याला वाट विचारली. तो गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होता. आम्हांला त्यानं मराठीत वाट सांगितली. सोलापूरचं असंच आहे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषा एका बाजारात ऐका.

आधी किल्ला लागला. हा सपाट जमिनीवर आहे, आपल्या परंड्यासारखा. म्हणून याला भुईकोट म्हणतात. किल्ल्याला लागूनच तलाव आहे. तलावात सिद्धेश्वराचं देऊळ. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले. लोकांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी तलाव खोदवला. त्यांची समाधीही इथंच आहे. संक्रांतीला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी मात्र देवळात गर्दी नव्हती. पाण्यावर पावसाचे थेंब नाचत होते. वहिनी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. आम्ही काही बोललो नाही.

पुढं एका चौकात चार पुतळे दिसले. वहिनींनी एकेक अक्षर लावून नावं वाचली. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. कुर्बान हुसेन. जगन्नाथ शिंदे. 1930 साली गांधीजींना अटक झाली, तेव्हा सोलापूर पेटून उठलं. इंग्रजांनी शहर लष्कराच्या ताब्यात दिलं. मग या चौघांवर खटला भरला. 12 जानेवारी 1931 रोजी त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिलं.

वहिनी म्हणाल्या, "यांच्याही घरची माणसं अशीच भेटीला गेली असतील."

छत्री कुणी धरली होती, ते आता आठवत नाही. तिघेही भिजलो एवढं खरं.

मग बाजारात शिरलो. सोलापूरला येऊन चादर घेतली नाही, असं कसं होईल? दुकानदारानं चादर उलटून दाखवली. नक्षी तीच, पण रंग उलटे. भाव करण्यात वहिनींनी अर्धा तास घालवला. त्यात पाऊस जरा उघडला.

साडेतीनला परत फिरलो, तर रस्ता चुकलो. सगळे चौक सारखेच वाटू लागले. आम्ही कुणाला विचारणार, तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा. ही औषधाच्या दुकानाची पाटी सकाळी मी वाचली होती. इथून उजवीकडं."

चारला पाच मिनिटं असताना आम्ही दारात होतो. भाऊ उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे हुशार.

"एवढ्या पावसात कुठं होतात?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी चादर त्यांच्या पायांवर पसरली आणि पहिल्या पाटीपासून सांगायला लागल्या.