विचारायला येणाऱ्यांना आपणही विचारू

निंदणाचे दिवस आहेत. हातातलं काम चालू असू द्या आणि ऐकत राहा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माहिती विचारायला येणाऱ्यांची काही कमी नाही. शेतकरी आत्महत्यांची बातमी देशभर गेली तेव्हापासून तर फारच. कुणी कॉलेजचं, कुणी संस्थेचं, कुणी मोबाइलवर फॉर्म भरणारं. वावर किती, कर्ज किती, नवरा दारू प्यायचा का. एका गावच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "माझ्या घरचं दुःख सात जणांनी लिहून नेलं. त्याचं पुढं काय होते?" तिच्या प्रश्नाला धरून आज एका शास्त्राबद्दल बोलते. त्याचं नाव सामाजिक मानवशास्त्र. नाव जड आहे, पण काम ओळखीचं आहे. लोक कसे राहतात, सोयरिकी कशा जुळवतात, देव कोणता मानतात, वाटे कसे करतात, हे त्यांच्यात राहून, त्यांची बोली शिकून समजून घ्यायचं. फॉर्म भरणारा तासाभरात निघून जातो. या शास्त्रातला माणूस वर्षभर मुक्काम करतो, निदान करायला हवा.

मराठीत या शास्त्राचं नाव घेतलं की इरावती कर्वे आठवतात. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडलं. महर्षी कर्व्यांच्या त्या सून. शिकायला जर्मनीत गेल्या. गोऱ्या लोकांचा मेंदू वरचढ असतो, हे कवट्या मोजून सिद्ध होईल असं तिथल्या त्यांच्या प्राध्यापकांना वाटत होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे असा फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या मुलखात, आपल्याच गुरूपुढं! मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभर फिरून नाती गोळा केली. १९५३ मध्ये त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात आपल्या घरातलंच आहे. उत्तरेकडं मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं तर लोक कानावर हात ठेवतात. दक्षिणेत मामाची मुलगीही चालते, आत्याचीही. आपण मधले. आपल्याकडं बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी करत नाहीत. म्हणून आपल्याकडं सून कधी कधी सासूची भाचीच असते आणि सासूला आत्या म्हणते. उत्तरेतली सून अनोळखी गावात, अनोळखी माणसांत पडते. एका लग्नाच्या चालीनं बाईचं आयुष्य किती बदलतं बघा. आपण हे रोज जगतो, पण कुणीतरी शेजारी शेजारी मांडून दाखवलं तेव्हा ते दिसलं. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचीही पाहणी त्यांनी केली, १९६९ मध्ये ती छापली गेली. आपल्याकडं बेंबळा धरणात गावं गेली, त्या बायांना त्यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण पैनगंगेच्या पलीकडचं, आदिलाबादचं. १९४० मध्ये जंगल-जमिनीच्या लढ्यात कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला गोंडांचा असंतोष समजून घ्यायला सांगितलं. तो बायकोसह मारलावाई गावात राहिला, गोंडी शिकला. त्याच्या सांगण्यावरून गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी शाळा सुरू झाल्या. त्या नवराबायकोचं स्मारक आजही मारलावाईत आहे.

पण माहिती गोळा करणं नेहमीच भल्यासाठी झालं असं समजू नका. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यासाठी याद्या झाल्या, चालीरीती लिहिल्या गेल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, पण आपल्या पारधी बहिणींना गावाच्या नजरेत तो अजून भोगावा लागतो. लिहिलेलं कागद सोडून माणसाला चिकटतं, ते असं.

आज या शास्त्रापुढच्या अडचणी याच आहेत. वर्षभर राहायला वेळ आणि पैसा कुणी देत नाही, म्हणून घाई होते. घाईत दारात बसलेला पुरुष उत्तरं देतो. बाई कापूस वेचते, निंदते, सरकी लावते, आणि कागदावर "घरकाम" लिहिलं जातं. लिहिलेलं इंग्रजीत छापून येतं, ते आपल्यापर्यंत परत येत नाही. आता आदिवासी, पारधी मुलंमुली स्वतः शिकून स्वतःबद्दल लिहू लागली आहेत, हे फार चांगलं. कोलाम पोडावरची, कोलामी बोलणारी मुलगी आजीला विचारते तेव्हा दुभाष्या लागत नाही. अर्थात घरचंच माणूस लिहितं म्हणून सगळं निघतं असंही नाही. काही गोष्टी बाई परक्या बाईला सांगते, पण भावकीतल्या मुलीला सांगत नाही.

तेव्हा कुणी आलं तर हाकलू नका, आणि पटकन सहीही करू नका. कुठून आलात, माहिती कुठं जाणार, माझं नाव छापणार का, फोटो का काढता, हे विचारा. कागद मराठीत मोठ्यानं वाचून घ्या. एखादा प्रश्न नको वाटला तर "हे नाही सांगणार" म्हणा. त्यामुळं कोणतीही योजना बंद होत नाही. होते असं कुणी म्हणालं, तर ते लेखी मागा. अभ्यास झाल्यावर गावात येऊन सांगणार का, हे तारखेसह विचारा.

आमच्या प्रभागात दोन गटांनी बैठकीच्या वहीत यासाठी वेगळं पान ठेवलं आहे. कोण आलं, कधी आलं, काय विचारलं, फोन नंबर काय. एका गटाच्या सचिव ताईनं गेल्या महिन्यात त्यातल्या एका नंबरवर फोन लावला आणि अहवाल मराठीत मागितला. पाठवतो म्हणाले आहेत. पानावर त्यापुढं "बाकी" लिहून ठेवलं आहे.