शिदोरी पोटात बांधून

भाकऱ्या उरकल्या असतील तर बसा निवांत. उरकल्या नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या वेळी आम्ही तळ्यावर येणाऱ्या परदेशी पाखरांबद्दल बोललो, तेव्हा एका ताईंचा फोन आला. "समुद्र ओलांडून येतात म्हणता, मग मधे बसतात कुठं? खातात काय?" आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून आज एकाच पाखराची गोष्ट सांगतो.

त्याचं नाव गॉडविट. रंग मातकट, पाय लांब, चोच लांब आणि टोकाला किंचित वर वळलेली. वजन अर्ध्या किलोच्या मागंपुढं. याच जातीतले काही पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही येतात. पण ज्यांची गोष्ट सांगतोय ते अमेरिकेच्या उत्तर टोकाला, अलास्कात अंडी घालतात आणि तिथं थंडी पडायच्या आत न्यूझीलंडला जातात. न्यूझीलंड पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. मधे अख्खा पॅसिफिक महासागर.

२००७ साली शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पोटात छोटं यंत्र बसवलं. ती कुठं आहे ते उपग्रहाला कळायचं. तिचं नाव ठेवलं ई-७. ऑगस्टच्या अखेरीला ती अलास्काहून उडाली, ती थेट न्यूझीलंडलाच उतरली. ११,६८० किलोमीटर, आठ दिवस आणि आठ रात्री. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; तसे सोळा-सतरा महामार्ग एकापुढं एक ठेवा. वेग ताशी साठच्या आसपास, म्हणजे आपल्या वडाप जीपएवढा. पण जीप चहाला थांबते. गॉडविटला बदकासारखे पाण्यात तरंगायचे पाय नाहीत, त्यामुळं समुद्रावर बसायची सोय नाही. घारीसारखं पंख पसरून तरंगत राहायचीही त्याची रीत नाही. सारखे पंख मारायचे.

खाण्याचं उत्तर असं, की ते सगळं आधीच खाऊन घेतात. निघण्याआधी अलास्काच्या किनाऱ्यावरच्या चिखलात चोच खुपसून शिंपले, किडे खात राहतात. इतकं खातात की वजनातला जवळजवळ निम्मा भाग चरबीचा होतो. शिदोरी अंगातच बांधलेली. चरबीच का? तर तेवढ्याच वजनाच्या पिठूळ अन्नापेक्षा चरबीतून दुपटीहून जास्त शक्ती मिळते, आणि ती जळताना शरीरात पाणीही तयार होतं. तहानेची सोय त्यातच.

पुढचं ऐकून आम्ही चकित झालो. ओझं जास्त होऊ नये म्हणून हा पक्षी निघण्याआधी आपलं पचनाचं सामान आवरतो. कोंबडी कापताना आपण पेटा काढतो ना, तो याचा आकसून बारीक होतो. आतडी, काळीज, मूत्रपिंडं, सगळं लहान होतं. वाटेत खायचंच नाही तर चूल कशाला वाहायची! मुक्कामाला पोचल्यावर ते पुन्हा वाढतं. आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "मला गावाला जाताना स्टोव्ह, डबे, सगळं घ्यावंसं वाटतं. हे पाखरू शहाणं."

आणि निघायचं कधी, तर वादळ बघून. वादळाच्या मागच्या बाजूला जे जोराचं वारं दक्षिणेकडं सुटतं, ते पाठीवर घेऊन निघतात. रस्ता सूर्य, तारे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून धरतात. २०२२ साली पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघून ११ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं. न थांबता १३,५६० किलोमीटर. आयुष्यातली पहिलीच खेप.

तर ताई, मधे बसतात कुठं? दक्षिणेला जाताना कुठंच नाही. पण मार्चमध्ये उत्तरेला परतताना बसतात. ई-७ त्या वर्षी न्यूझीलंडहून उडून चीन आणि कोरियाच्या मधल्या पिवळ्या समुद्राच्या किनाऱ्याला आली आणि महिनाभर तिथल्या चिखलात चरत राहिली. ओहोटीला उघडी पडणारी मैलोगणती चिखलाची जमीन. बघणाऱ्याला ओसाड वाटते, म्हणून सरकारं तिथं भर घालत आली.

दक्षिण कोरियात साएमांगेउम नावाच्या ठिकाणी २००६ साली ३३ किलोमीटर लांबीची भिंत समुद्रात पुरी झाली. आतल्या चिखलाला भरतीचं पाणी मिळेना. शिंपले मेले. तिथं हजारोंनी उतरणारा ग्रेट नॉट नावाचा, गॉडविटसारखाच लांबचा प्रवासी पक्षी दोन वर्षांत झपाट्यानं कमी झाला. शेजारच्या चिखलावर तेवढे वाढलेले दिसले नाहीत. मग ते गेले कुठं, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या चिखलात बायकाही होत्या. आपल्याकडं खाडीत तिसऱ्या, खुबे काढतात तसे शिंपले काढून विकणाऱ्या. रोज ओहोटीची वेळ बघून निघायच्या. भिंतीला त्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. कोर्टातही लढा झाला. भिंत झालीच, आणि त्यांची मिळकत गेली. पाखरांची मोजणी करायला माणसं आली म्हणून पाखरांचं नुकसान आकड्यांत सांगता येतं. या बायकांच्या टोपल्या कुणी मोजल्या असतील, असं आम्हाला वाटत नाही.

पुढं २०१९ मध्ये चीनच्या आणि २०२१ मध्ये कोरियाच्या काही चिखलपट्ट्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. साएमांगेउम त्या यादीत नाही.

कोकणातल्या मैत्रिणींनो, तुमच्या खाडीत ओहोटीला लांब चोचीची पाखरं चरताना दिसतात, त्यांना तुमच्याकडं काय म्हणतात? फोन करून सांगा. पुढच्या बोलण्यात ती नावं तुमच्या गावाच्या नावासकट वाचून दाखवू.