मधले दिवस कोणाच्या अंगावर?



 सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेत अध्यक्ष म्हणून आज मी जागतिक पुरवठा साखळीतली जोखीम आणि तिला लागणारा पैसा या विषयावर बोलणार आहे. वर्गात आपण हा विषय मोटारी आणि मोबाइल बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांनी शिकवतो. त्याच वेळी वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या घरचा माल रॉटरडॅमला निघालेला असतो. म्हणून मी आज तासगावची द्राक्षे, सांगलीची हळद आणि आपल्याच दोन गावांतल्या दोन बँका यांच्याविषयी बोलेन.

माल हातातून जातो आणि पैसा हातात येतो, या दोन्हींच्या मध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांत भाव पडू शकतो, माल नासू शकतो, जहाज अडकू शकते, घेणारा बुडू शकतो. ते दिवस कोणीतरी अंगावर घेतल्याशिवाय व्यापार होत नाही. परदेशातला मोठा खरेदीदार ते घेत नाही, निर्यातदार जमेल तेवढे पुढे ढकलतो, आणि शेवटी ते ज्याच्या अंगावर येतात त्याच्याजवळ ना राखीव पैसा असतो ना विमा. ही काही निसर्गाने केलेली वाटणी नाही. ती कराराच्या अटींत, कायद्यात आणि बँकेच्या टेबलावर ठरते. तिथे ठरते म्हणूनच ती बदलता येते, असे माझे ठाम मत आहे.

द्राक्षापासून सुरुवात करू. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. वर्षभर पैसा फक्त जातो: औषधे, संजीवके, मजुरी, पाणी. थोडे पीककर्ज सोसायटीचे, बाकीची उधारी औषधाच्या दुकानात. मग माल पॅकहाऊसमध्ये थंड होऊन कंटेनरमध्ये चढतो, न्हावा शेव्याला जातो, जहाजावर तीन-चार आठवडे काढून युरोपात उतरतो. तिथला सुपरमार्केटवाला बहुतेक वेळा आधी पैसे मोजत नाही. माल पोचला, तपासला, विकला गेला, मग हिशेब. म्हणजे वेलीवरून घड उतरल्यापासून विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत दोन महिने सहज जातात, आणि त्या दोन महिन्यांत तो घड नाशवंत असतो.

२०१०चा हंगाम इथल्या बागायतदारांना आठवत असेल. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात होते. युरोपीय संघाची त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते औषध नव्हते. बागायतदाराने तपासणी करून घेतली, प्रमाणपत्र मिळवले, माल पाठवला. आणि तो माल युरोपच्या बंदरांत नापास झाला. पुढे यादी सुधारली, ग्रेपनेट या निर्यात-द्राक्षांच्या नोंदणी प्रणालीतली तपासणी कडक झाली, आणि आज भारतीय द्राक्षांना युरोपात जी पत आहे तिच्यामागे त्या सुधारणेचा मोठा वाटा आहे. पण त्या वर्षी नियम ठरवणारे एक, यादी करणारे दुसरे, औषधाची शिफारस करणारे तिसरे आणि नुकसान सोसणारा चौथाच होता. जोखीम कुठे जन्मते आणि कुठे उतरते हे शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

समुद्राचेही तसेच. मार्च २०२१मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे पडले, ते नेमके द्राक्षाच्या हंगामात. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या हंगामात युरोपचे कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे चढले, विम्याचा हप्ता चढला. लोखंडाच्या सुट्या भागांना पंधरा दिवस उशीर झाला तर व्याज वाढते. द्राक्षाला झाला तर देठ सुकतो आणि मालाची प्रतच उतरते. येमेनच्या किनाऱ्यावर झालेल्या गोळीबाराचा आकडा कवठेमहांकाळच्या बागायतदाराच्या पट्टीत कपात म्हणून उतरू शकतो, हे आपल्या विद्यार्थ्याला त्या पट्टीवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

आता देशातल्या विक्रीकडे या. इथे तर समुद्रही मध्ये नाही. बाहेरगावचा व्यापारी बागेत येतो, माल पाहतो, दर ठरतो, विसार म्हणून थोडी रक्कम देतो, गाड्या भरल्या जातात. उरलेले पैसे आठवड्याने, पंधरवड्याने. आणि दर हंगामात द्राक्षपट्ट्यातून बातमी येतेच की अमुक गावातून व्यापारी पैसे बुडवून पसार झाला. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याचा बाजार आवाराबाहेरचा व्यापार नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला कुठेही विकायची मुभा मिळाली, ती मला योग्यच वाटते. पण त्या मुभेबरोबर घेणाऱ्याची नोंद, अनामत, हमी यांची सोय व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि बांधावरच्या सौद्यात शेतकऱ्याच्या हातात फोन नंबरापलीकडे काही राहिले नाही.

याच घडाचा बेदाणा झाला की चित्र कसे पालटते ते पाहा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात मणी बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पंधरा-एक दिवस सावलीत वाळवायचे. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. तो शीतगृहात वर्षभर टिकतो, त्याची पावती मिळते, तारणावर उचल मिळते, आणि विक्री तासगाव-सांगलीच्या आवारात, परवानाधारक अडत्यामार्फत, सौद्यात होते. दिवाळीच्या सुमाराला तर सौदे काही आठवडे बंद ठेवून मागची सगळी देणी चुकती करण्याची रीतच या बाजाराने घालून घेतली आहे. तिला सगळे झीरो पेमेंट म्हणतात. तक्रारी तिथेही आहेत, वजनातली तूट आणि सौद्यात होणारी मालाची उधळण यांवरून वाद झालेले आहेत. तरी दिवस मोजण्याची आणि ते एका तारखेला संपवण्याची सवय त्या बाजाराला आहे. बेदाण्याला सांगलीच्या नावाने २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा आनंद आहेच, पण माझ्या लेखी या बाजाराची मोठी मिळकत ही सवय आहे. ताज्या द्राक्षाचा भाव कोसळला की तासगावचा शेतकरी माल शेडवर नेतो. पाठ्यपुस्तकात ज्याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात ते तो अनेक वर्षे करत आला आहे.

हळदीने तर हे त्याच्याही आधी केले. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखाली पेवे होती: तोंड लहान, पोट मोठे, वीस-पंचवीस फूट खोल. तिथल्या मातीचा गुण असा की हळद त्यांत वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. पेव उघडले की आतला दूषित वायू जाऊ दिल्याशिवाय माणूस उतरत नसे. ही पेवे नुसती कोठारे नव्हती. मालाला थांबायची जागा मिळाली की मालकाला भावासाठी थांबता येते, आणि थांबलेल्या मालावर पैसा उभा करता येतो. सांगलीच्या पेठेची पत या तळघरांवर उभी राहिली. स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज या सांगलीच्याच संस्थेत हळदीचे वायदे होत. २००४मध्ये राष्ट्रीय पातळीवर एनसीडीईएक्स या वायदे बाजारात हळद आली, त्याच्या पुष्कळ आधीपासून ते चालत होते. मग २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, पोत्यांमागून पोती गेली, आणि पुष्कळशी पेवे पुन्हा भरलीच गेली नाहीत. २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले तेव्हा गोदामे, दुकाने, पेठा सगळेच पाण्यात होते. एका गावात माल, गोदाम, कर्ज आणि कर्ज देणारा सगळे एकवटले असतील तर एकच पूर सगळ्यांना बुडवतो, हा धडा सांगलीने दोनदा घेतला, २०२१मध्ये तिसऱ्यांदा.

कर्ज देणाऱ्यांविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. जोखीम मोजून, वाटून, तिचा निधी करणारी संस्था एका जिल्ह्याच्या गावात, एवढ्या लवकर! १९३६मध्ये त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. सांगलीत १९१६मध्ये सांगली बँक निघाली. त्याच काळात, १९१०मध्ये, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल स्टेशनाजवळ जमीन दिली, पैशाची मदत केली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा लोकांचा समज होता, माल उठत नव्हता, आणि अशा वेळी एका राजाने ते दिवस अंगावर घेतले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. विटा-खानापूरकडचे आपले गलाईवाले देशभर सोने-चांदी गाळायला गेले, तेही गावच्या ओळखीच्या पतीवर. जोखीम पत्करणारे भांडवल आपल्या मातीत होते, हे मी अभिमानाने सांगतो.

२ सप्टेंबर २००६ रोजी युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. आठ महिन्यांच्या आत दोन्ही गावांनी आपापली बँक गमावली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, हे विलीनीकरणाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. युनायटेड वेस्टर्नच्या बाबतीत भांडवल अपुरे पडले होते आणि कर्जे थकली होती, हेही लपवण्यात अर्थ नाही. जवळची ओळख कर्ज देताना उपयोगी पडते, तशी वसुलीच्या वेळी आडही येते. पण बँकेबरोबर एक जाण गेली. हळकुंड हातात घेऊन त्याची प्रत सांगणारा, कुठल्या अडत्याची पट्टी कधी सुटते हे ठाऊक असणारा अधिकारी गेला. त्याच्या जागी आलेल्या व्यवस्थेला सातबारा समजतो, शीतगृहात पडलेला माल तितका समजत नाही. ही जाण पुन्हा तयार करणे हे बँकांइतकेच आपले, शिकवणाऱ्यांचे काम आहे.

साधने नाहीत असे कोणी म्हणू नये. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०पासून आहे; हळद आणि बेदाणा दोन्ही तिच्यात आहेत, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने. २००७च्या कायद्याने गोदाम पावती हस्तांतरणीय, म्हणून तारणाला सोयीची, केली, आणि आता ती पावती संगणकावर निघते. कुपवाड-मिरजेच्या फाउंड्रीवाल्यांसाठी २००६चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो, आणि तेवढ्यात न दिले तर प्राप्तिकर कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचा खर्च खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करात धरता येतो. ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर बिल चढवून वेळेआधी पैसा उचलता येतो. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. एवढे असूनही लहान कारखानदार बिल चढवायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. कायदा त्या भीतीपर्यंत अजून पोचलेला नाही.

आणि निर्यात विमा. १९५७पासून सरकारची ईसीजीसी ही संस्था परदेशी खरेदीदार बुडाला तर निर्यातदाराला भरपाई देते. विमा निर्यातदाराचा आहे. ज्याच्या मालावर तो उतरवला त्या बागायतदाराला त्यातून काही मिळावे अशी अट त्यात नसते. निर्यातदार आणि शेतकरी यांच्या करारात दोन ओळी घातल्या तर ती येईल: माल नापास झाला किंवा उशिरा पोचला तर तोटा कोणाचा, आणि विम्याची भरपाई आली तर तिच्यातला किती वाटा कोणाला. त्या दोन ओळींसाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी दोन कामे ठेवतो. पहिले, बांधावरच्या सौद्यासाठी एका पानाचा मराठी करारनामा: घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ओळखीचा पुरावा, दर, वजन कुठे करायचे, विसार किती, उरलेले पैसे कोणत्या तारखेला, आणि नापास मालाचा भार कोणावर. वकील मित्रांनी तो तपासावा, बाजार समित्या आणि सोसायट्यांनी छापून द्यावा.

दुसरे काम आपल्या महाविद्यालयांचे. लागवड, उत्पादन, निर्यात यांचे आकडे आपण गोळा करतो. मधले दिवस मात्र मोजत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव घ्यावे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी घरोघरी जाऊन, कुणाचे नाव न लिहिता, चारच गोष्टी नोंदवाव्यात: माल कधी गेला, विसार किती मिळाला, पूर्ण पैसे कधी आले, आणि तोवरचे दिवस कोणाच्या कर्जावर काढले. द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारीत भरात येतो, हळदीचे सौदे त्याच सुमाराला सुरू होतात. तक्त्याचा नमुना चिटणिसांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात गावांची वाटणी करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. मिरज, तासगाव, पलूस, वाळवा यांच्याबरोबर माण-खटावचीही गावे त्यात असावीत.