विद्यार्थ्यांसाठी पेढीचे दार
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : ‘पुढे काय?’ कला, वाणिज्य की विज्ञान, हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांचे मूल बहुधा गुणपत्रिका आणि मित्रमंडळी पाहून घेते. बाजारपेठेतील कामे त्याने आतून कधी पाहिलेली नसतात. धुळे-सोलापूर महामार्गावरील पाचोड ही मोसंबीची नामांकित बाजारपेठ. येथील मुलाला मोसंबीची चव ठाऊक असते. परंतु तिची प्रतवारी, लिलाव, वाहतूक आणि हिशोबपट्टी यांवर किती जणांचे संसार चालतात, हे ठाऊक नसते.

कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष हाताने काम करतात आणि गावाच्या उपयोगी पडतील अशा सेवा देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तरविना दिवस’ सुचविले असून, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीतही स्थानिक कारागिरांकडे आंतरवासितेची, म्हणजेच इंटर्नशिपची, संधी मिळावी असे म्हटले आहे.

यासाठी मोठ्या कारखान्याची गरज नाही. कापड दुकानात पन्हा, ताका, माप, वस्तू व सेवा कराचे बिल आणि शिल्लक मालाची मोजणी शिकता येते. औषध दुकानात मुदतीच्या तारखा, दूध संकलन केंद्रात फॅट काढण्याची पद्धत, शिंप्याकडे कापडाची बेतणी, तर छापखान्यात मुद्रितशोधन पाहता येते. रोज दोन तास, दहा दिवस आणि एक वही पुरेशी आहे. विद्यार्थ्याने दररोज एक निरीक्षण व एक प्रश्न लिहावा. मालकाने सायंकाळी पाच मिनिटे काढून त्याचे उत्तर द्यावे. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे आणि उधारी नम्रतेने कशी मागावी, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

मात्र येथे एक मर्यादा कसोशीने पाळावी लागेल. शिकायला आलेला विद्यार्थी म्हणजे फुकटचा नोकर नव्हे. दहा दिवस चहा आणणे आणि झाडलोट करणे यांतच गेले, तर ते शिक्षण नसून शोषण ठरेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आहे. त्यातून कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर केलेल्या मदतीसारखे मोजकेच अपवाद वगळले आहेत. चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक व्यवसायांत घेता येत नाही, तसेच सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही. म्हणून लहानांनी केवळ पाहावे व विचारावे, मोठ्यांनी मर्यादेत हात लावावा. आणि कीटकनाशकांचे डबे कोणाच्याही हाती देऊ नयेत. पालकांची लेखी संमती व शाळेची नोंद आवश्यक मानावी.

मुलींचा विचार तर अग्रक्रमाने व्हावा. किशोरवयीन मुलींना जीवनकौशल्ये दिली, तर त्यांचे विवाह लांबतात, हे पाचोडच्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेच्या कार्याने दाखविले आहे. ज्या मुलीने हिशोबाची वही स्वतः लिहिली, तिच्या शिक्षणाचा निर्णय घेताना घरही दोनदा विचार करते. दोन-दोन मुलींना एकत्र पाठविल्यास पालकांची काळजी हलकी होईल.

गावातील प्रत्येक पेढीने उन्हाळी सुट्टीत फक्त एका विद्यार्थ्याला आणि तोही शक्यतो ज्याच्या घरी व्यवसाय नाही अशा विद्यार्थ्याला दार उघडावे. व्यापाऱ्याच्या मुलाला गल्ला जन्मतःच दिसतो. शेतमजुराच्या मुलाला तो कोणीतरी दाखवावा लागतो. पेढीवरचे ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने गावाला यापेक्षा अधिक टिकाऊ भेट ती कोणती द्यावी?